कुत्रीच्या स्तनगाठीचं प्राथमिक कल्चर: तिसऱ्या पॅसेजला सगळ्या पेशी लांबट, हे फायब्रोब्लास्टच का?

कुळागर (तिसवाडी)

नमस्कार. पशुवैद्यकीय शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनगाठींतून प्राथमिक पेशीसंवर्धन (ऊतीतून थेट पेशी वाढवणं, म्हणजेच प्राथमिक कल्चर) करायचं काम आमच्याकडे चालू आहे. मालकाची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आहे. उरलेला ऊतीचा तुकडाच वापरतो, त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया होत नाही.

सध्याची पद्धत अशी: तुकडा बारीक कापून ०.२५ टक्के ट्रिप्सिन या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर एक तास, मग डीएमईएम हे पोषक माध्यम आणि १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), साध्या टी-२५ फ्लास्कमध्ये. पहिल्या आठवड्यात फरसबंदीसारखे चौकोनी पेशींचे पट्टे दिसतात. दुसऱ्या पॅसेजला (म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटल्यावर) ते विरळ होतात आणि तिसऱ्याला फ्लास्कभर लांबट, टोकदार पेशींच्या लाटा. वाढ जोमदार आहे, पण त्या कर्करोगाच्या पेशी आहेत असं म्हणायचं धाडस होत नाही. हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल 'कॉम्प्लेक्स कार्सिनोमा' असा आहे, गाठ पाचव्या जोडीतली.

पुढे डॉक्सोरुबिसिन आणि कार्बोप्लॅटिन या कर्करोगाच्या औषधांची एमटीटी चाचणी (पेशींची चयापचय क्रिया रंगावरून मोजणारी) करायची आहे. प्राथमिक फेऱ्यांत डॉक्सोरुबिसिनचा आयसी५० (परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा) दर खेपेला तिप्पट-चौपट इकडेतिकडे गेला. शिवाय मृग लागल्यापासून चवथीपर्यंत बुरशीचा त्रास वेगळाच. पेशी वेगळ्या करण्यापासून सांगितलंत तरी चालेल.

मयें-कल्चर

तुमच्या पद्धतीत फायब्रोब्लास्ट (आधार देणाऱ्या संयोजी ऊतीच्या पेशी) जिंकणारच. ट्रिप्सिन ऊतीतलं कोलॅजेन नीट तोडत नाही, पण एपिथेलियल (ग्रंथीचं अस्तर बनवणाऱ्या) पेशींचे आपसांतले सांधे तोडतं. म्हणजे जे टिकायला हवं ते सुटं होऊन मरतं. त्यात साधं प्लास्टिक आणि १० टक्के सीरम. दोन्ही फायब्रोब्लास्टला हवंच असतं.

कोलॅजेन तोडणाऱ्या कोलॅजिनेजवर या. एक ग्रॅम ऊतीला १० मिली द्रावण: डीएमईएम/एफ१२ मध्ये कोलॅजिनेज १ मिग्रॅ प्रति मिली, हायलुरोनिडेज १०० युनिट प्रति मिली. कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, त्यामुळे ते कॅल्शियम नसलेल्या पीबीएस या बफर द्रावणात विरघळवू नका आणि कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए जवळ आणू नका. 'एन्झाइम चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. कापताना दोन ब्लेड एकमेकांविरुद्ध ओढून एक मिमीचे तुकडे करा. कात्रीने ऊती चेंगरते. ३७ अंशांवर हलकेच हलवत दोन ते चार तास, आणि दर अर्ध्या तासाने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. तुतीच्या फळांसारखे गोळे सुटे दिसू लागले की थांबा. एकेकट्या पेशी होईपर्यंत ताणू नका, कारण आपल्याला हवेत ते हे गोळेच. द्रव चिकट, तारेसारखा ओढला जाऊ लागला तर मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर पडलाय. डीएनेज ०.१ मिग्रॅ प्रति मिली घालून दहा मिनिटं ठेवा.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये ८० जी वर फक्त अर्धा ते एक मिनिट फिरवा. गोळे तळाला बसतात, फायब्रोब्लास्ट आणि रक्तपेशी वर राहतात. वरचं काढून तीन-चार वेळा हेच करा. उरलेलं ४० मायक्रॉनच्या गाळणीतून ओता, गाळणी उलटी धरून वर अडकलेले गोळे ताज्या माध्यमात धुऊन घ्या. ते आधी साध्या फ्लास्कमध्ये ४५ मिनिटं ठेवा. फायब्रोब्लास्ट लवकर चिकटतात. न चिकटलेलं सगळं उचलून टाइप १ कोलॅजेन लावलेल्या फ्लास्कमध्ये घाला आणि दोन दिवस हात लावू नका.

माध्यम डीएमईएम/एफ१२, त्यात इन्सुलिन ५ मायक्रोग्रॅम, हायड्रोकॉर्टिसोन ०.५ मायक्रोग्रॅम, ईजीएफ (पेशींची वाढ चालवणारं प्रथिन) १० नॅनोग्रॅम प्रति मिली. सीरम चिकटण्यापुरतं १० टक्के, नंतर २ टक्क्यांवर उतरवा.

पॅसेज करताना कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने दोनदा धुऊन ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए. एक-दोन मिनिटांत फायब्रोब्लास्ट गोल होतात. फ्लास्क हलकेच ठोकून ते काढा. धुऊन पुन्हा ताजं ट्रिप्सिन, पाच ते आठ मिनिटं, तेव्हा एपिथेलियल सुटतात. पहिला अंश फेकू नका! त्याच कुत्रीचे फायब्रोब्लास्ट म्हणजे औषधाच्या चाचणीसाठी सगळ्यात चांगलं नियंत्रण. ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ या द्रावकामध्ये मिनिटाला एक अंश या वेगाने गोठवून ठेवा. एपिथेलियल पेशी मात्र एकास दोनच वाटा, विरळ झाल्या की त्या वाढत नाहीत. प्रयोग पहिल्या ते तिसऱ्या पॅसेजमध्ये उरका.

फोंडा-पॅथ

वरची पद्धत बरोबर आहे, पण एक घाई नको. अहवाल 'कॉम्प्लेक्स कार्सिनोमा' आहे. त्या प्रकारात मायोएपिथेलियल (ग्रंथीभोवतीच्या, आकुंचन पावणाऱ्या) पेशीही वाढलेल्या असतात, आणि कल्चरमध्ये त्या लांबटच दिसतात. त्यामुळे तुमच्या लाटा फायब्रोब्लास्टच्या असतीलही, पण नुसत्या आकारावरून त्या फेकून देणं चूक.

व्हायमेंटिन या प्रथिनाच्या रंगावर निकाल लावू नका. ते फायब्रोब्लास्टमध्ये असतं, मायोएपिथेलियल पेशींत असतं, आणि प्लास्टिकवर वाढणाऱ्या एपिथेलियल पेशीसुद्धा ते दाखवू लागतात. स्मूथ मसल ॲक्टिननेही भागत नाही, कारण मायोफायब्रोब्लास्टमध्ये तेही सापडतं. काचपट्टीवर पेशी वाढवून किमान एवढी प्रथिनं अँटिबॉडीने रंगवा: पॅनसायटोकेरॅटिन एई१/एई३, ल्युमिनल (आतल्या थराच्या) पेशींसाठी सीके (सायटोकेरॅटिन) ८/१८, बेसल (बाहेरच्या थराच्या) आणि मायोएपिथेलियल पेशींसाठी सीके १४ आणि पी६३. पी६३ केंद्रकात दिसतं आणि फायब्रोब्लास्टमध्ये दिसत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच देईल. अँटिबॉडी माणसासाठी बनवलेली असते, तेव्हा कुत्र्याच्या निरोगी स्तनग्रंथीचा काप प्रत्येक खेपेला सोबत रंगवा. त्यावर रंग न आल्यास कल्चरचा 'निगेटिव्ह' मानू नका.

तुकडा कुठून घेता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. मोठ्या गाठीचा मध्य बहुधा कुजलेला असतो, आणि व्रण पडलेल्या त्वचेजवळ जंतू. बाहेरच्या कडेपासून थोडं आत, घट्ट पांढरट भाग निवडा. मात्र कडांना शाई लावून पॅथॉलॉजिस्टने गाठ पाहण्याआधी कापू नका. त्या कुत्रीचं निदान आपल्या प्रयोगापेक्षा आधी येतं. घेतलेल्या तुकड्याचा जुळा अर्धा भाग दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका, म्हणजे कल्चर नेमकं कशातून आलं ते पुढे दाखवता येतं. एकाच कुत्रीच्या दोन गाठी दोन प्रकारच्या असू शकतात. त्या एकत्र कधीच करू नका. कापताना करकर लागली तर आत कूर्चा किंवा हाड आहे, ती मिश्र गाठ. तिथे एन्झाइम कितीही वेळ ठेवलं तरी ते भाग विरघळत नाहीत.

काणकोणहून पणजीला नमुना यायला दोनेक तास सहज जातात. दुप्पट अँटिबायोटिक घातलेल्या थंड माध्यमात, बर्फाच्या पेटीत ठेवा, पण नळीला बर्फ थेट भिडू देऊ नका, ऊती गोठली की संपलं. रस्त्यावरच्या कुत्रीची ऊती हाताळणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असावी.

कुळागर (तिसवाडी)

पी६३ आणि सीके १४ आधी लावतो. एमटीटीचं कोणी सांगेल का? आणि तयार सेल लाइन (प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशी) घेऊन सुरुवात केली तर?

सासष्टी-९६

तयार लाइन जरूर घ्या, पण प्राथमिक कल्चरच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी. सीएमटी-यू२७ ही कार्सिनोमातली लाइन बरीच वापरली जाते. सीएचएमपी आणि सीएचएमएम ही जोडी एकाच कुत्रीची आहे: पहिली मूळ गाठीतून, दुसरी छातीच्या पोकळीतल्या द्रवात पोचलेल्या पेशींतून. प्रसाराचा अभ्यास असेल तर ती उपयोगी. लाइन हाती आली की प्रजातीची पीसीआर करा, माणसाच्या पेशी मिसळल्या नाहीत ना ते कळतं. माणसासाठीचं एसटीआर (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारं) किट इथे कामाचं नाही, कुत्र्यांचं वेगळं येतं.

आता आयसी५०. तिप्पट-चौपट फरकाचं पहिलं कारण तुमच्या फ्लास्कमध्येच आहे: दर पॅसेजला दोन प्रकारच्या पेशींचं प्रमाण बदलतंय, मग आकडा स्थिर कसा राहील? दुसरं, वाढीचा वेग. हळू दुप्पट होणाऱ्या पेशी औषधाला दाद देत नाहीत असं उगाच भासतं. औषध घालण्याच्या क्षणी एक वेगळी प्लेट मोजून ठेवा आणि वाढ त्या आधारावर काढा.

९६ खान्यांच्या प्लेटमध्ये खान्याला ५,००० पेशी, २४ तास चिकटू द्या. कडेचे ३६ खाने पीबीएसने भरा, तिथलं पाणी उडतं आणि आकडे चढतात. औषध ७२ तास. मग एमटीटी ०.५ मिग्रॅ प्रति मिली, तीन-चार तास, स्फटिक डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल आहे, त्यामुळे प्रत्येक मात्रेला 'औषध आहे, पेशी नाहीत' असे खाने हवेतच. ते प्रकाशाने बिघडतं, प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा.

कार्बोप्लॅटिन डीएमएसओत कधीही विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला जोडला जातो आणि औषधाचा गुण जातो. सिस्प्लॅटिनचंही तेच. पाण्यात करा, ताजं करा. बाकी औषधांसाठी खान्यातला डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत, नियंत्रणातही तितकाच.

एमटीटी पेशींची चयापचय क्रिया मोजतं, मरण नव्हे. मेलेल्या-मरणाऱ्या पेशी दाखवणारं ट्रिपॅन ब्लू किंवा ॲनेक्सिन-व्ही जोडीला ठेवा. पुढे इस्ट्रोजेनकडे वळलात तर फिनॉल रेड हा रंग नसलेलं माध्यम आणि कोळशाने शुद्ध केलेलं सीरम लागेल, फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करतो. प्लास्टिकवर इस्ट्रोजेन रिसेप्टर लवकर हरवतो, म्हणून प्रत्येक पॅसेजला तो आहे का ते तपासा. टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेनविरोधी औषधाचे निकाल तर फार जपून वाचा. कुत्रीमध्ये ते इस्ट्रोजेनसारखंच वागतं, योनी सुजते, गर्भाशयात पू होतो.

डिचोली-हूड

बुरशीबद्दल. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, पहिले दहा-बारा दिवसच. मात्रा वाढवली तर बुरशीआधी पेशी मरतात, आणि कायम ठेवली तर दबलेला संसर्ग दिसत नाही. पुठ्ठ्याची खोकी कल्चरच्या खोलीत नेऊच नका, आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा ओला न दिसताही बुरसतो. एसीचा झोत हूडच्या (निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या) तोंडावर नको, आणि डिह्युमिडिफायर लावून खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणा. वॉटर बाथ हा मोठा गुन्हेगार. त्याजागी कोरडा मेटल ब्लॉक. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला बदलून.

७० टक्के अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत, हे विसरलं जातं. इन्क्युबेटर रिकामा करून हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा. ब्लीच वापरलं तर नंतर पाण्याने धुवा, नाहीतर स्टील गंजतं. बुरशी दिसलेला फ्लास्क हूडमध्ये उघडू नका. बंदच ऑटोक्लेव्हमध्ये. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून पाहण्याचा मोह टाळा, बंद दाराआड उष्णता आणि वायू बराच वेळ टिकतात.

मायकोप्लाझ्मा (अगदी सूक्ष्म जीवाणू) मात्र ऋतू पाहत नाही. माध्यम ढगाळत नाही, पेनिसिलिन चालत नाही कारण त्याला पेशीभित्तिकाच नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही ते निसटतं. एमटीटीचे आकडे तेही बिघडवतं. गोठवण्याआधी आणि औषधाच्या प्रत्येक मालिकेआधी पीसीआर करा. अँटिबायोटिक न घालता आठवडाभर वाढवलेल्या कल्चरचं माध्यम घेतलंत तर लपलेला संसर्ग सापडायची शक्यता जास्त.

कुळागर (तिसवाडी)

देव बरें करूं सगळ्यांचं. दुसऱ्या पॅसेजच्या दोन नळ्या गोठवलेल्या आहेत, पी६३ त्यांच्यावरच लावतो. कार्बोप्लॅटिनचा स्टॉक डीएमएसओतला होता, तो आजच टाकून दिला. पुढच्या गाठीला कोलॅजिनेज.