ग्रामपंचायतीच्या पैशातून सत्यनारायण: प्रमाणकावर सही करू का?

प्रश्न (ग्रामसेविका)
दोन वर्षं नोकरीत आहे. पंचायतीची नवी इमारत झाली, सरपंचांनी येत्या गुरुवारी सभागृहात सत्यनारायण ठरवलाय. काल शिपाई बिलं घेऊन आला. रवा-साखर-तूप 1,850, फुलं-केळी 650, मंडप 600, दक्षिणा 1,100. एकूण 4,200. प्रमाणकावर, म्हणजे खर्चाच्या व्हाउचरवर, ‘कार्यालयीन खर्च’ असं आधीच लिहिलेलं, माझी सही तेवढी बाकी.

मी स्वतः दर श्रावणात घरी पूजा घालते. पण ह्या पैशात बौद्धवाड्याची घरपट्टी आहे, मशिदीमागच्या घरांची पाणीपट्टी आहे. मार्चच्या वसुलीला त्यांच्या ओट्यावर मीच बसले होते. एका आजींनी पदराची गाठ सोडून दोनशे रुपये दिले, घामाने नोटा एकमेकींना चिकटलेल्या. त्यातून केळीचे खुंट आणायला माझा हात धजत नाही. राज्यघटनेत ह्याला बंदी आहे ना? सरपंचांना ठोस काय सांगू?

निवृत्त विस्तार अधिकारी
ताई, नुसतं कलम 27 घेऊन जाऊ नका. ज्या कराचा पैसा खास एखाद्या धर्मासाठी राखलाय, तो भरायची सक्ती नको, एवढंच ते म्हणतं. हज अनुदानावर ह्याच कलमाखाली वाद झाला, तेव्हा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कराचा लहानसा हिस्सा गेला म्हणून कलम मोडत नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्याच इमारतीच्या भूमिपूजनाला एकाने हरकत घेतली होती. 2011 मध्ये याचिका फेटाळली, वर त्यालाच 20 हजारांचा दंड.

तुमची बाजू हिशेबाची आहे. दक्षिणा हा कार्यालयीन खर्च नव्हे, आणि सही तुमची असेल तर लेखापरीक्षणात उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल. सरपंचांना म्हणा, वर्गणी काढा, पूजा मारुतीच्या देवळात करा, प्रसादाला मी येते.

एक वारकरी
आषाढीला विठ्ठलाची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. मग गावाने काय पाप केलंय?

निवृत्त विस्तार अधिकारी
माऊली, वारीच्या वाटेवर सरकारने टँकर लावले, शौचालयं उभारली, तर ती माणसांची सोय आहे; तिथे तहानलेल्याला जात-धर्म विचारत नाहीत. पूजेला यजमान म्हणून बसणं वेगळं. माझ्या मते मुख्यमंत्र्यांनी तिथे भक्त म्हणून रांगेतून जावं. विठ्ठलाचं त्यात काही कमी होत नाही. घरी माझी तुळशीची माळ आहे, तरी हे म्हणतोय.

ग्रामसेविका
आज सरपंचांकडे घरीच गेले, चारचौघांत बोलले नाही. आधी चिडले, “तुम्ही देव मानत नाही का?” म्हणाले. मी आजींची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसले, मग वहीचं पान फाडून स्वतःच्या नावावर 1,001 लिहिले. पूजा मारुतीच्या देवळात आहे. इमारतीची फीत सगळे सदस्य मिळून कापणार.

आता दुसरंच निघालंय. जुनं दप्तर लावताना मागच्या वर्षांची दोन प्रमाणकं सापडली. लिहिलंय ‘मंडप भाडे’, जोडलेलं बिल पूजासाहित्याच्या दुकानाचं. सह्या माझ्या आधीच्यांच्या आहेत. हे मी वर लेखी कळवायचं, की लेखापरीक्षणाची वाट बघायची?