मदत हवी आहे: किंग क्रिमसन पुढे कुठून ऐकू?

मंडळी, मी देवगडचा. सध्या किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडने वेड लावलंय. सुरुवात सगळे करतात तशीच, १९६९च्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' या अल्बमपासून. त्यातला मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर चालणारा कीबोर्ड, डोक्यातून जात नाही. प्रत्येक पट्टीखाली टेपची फीत, पट्टी दाबली की ती सरकते आणि आधीच रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं वाजतात. भजनात पेटी धरणाऱ्याला याचं अप्रूप वाटणारच!

मग थेट १९७४चा 'रेड'. शेवटच्या 'स्टारलेस'मध्ये गिटार एकच सूर धरून बसते नि खालून बेस-ड्रम चढत जातात. अंगावर काटा.

पण १९८१चा 'डिसिप्लिन' लावला तर बँडच वेगळा. जुने फक्त गिटारवर रॉबर्ट फ्रिप आणि ड्रमवर बिल ब्रुफोर्ड. दोन गिटारी अशा गुंफल्यात की कोण काय वाजवतंय कळत नाही. वाईट नाही, पण पचायला वेळ लागतोय.

तर आता मागे जाऊन 'लिझर्ड', 'आयलंड्स' ऐकू, की १९७३चा 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' आधी? १९९५चा 'थ्रॅक' कसा आहे? पावसात रेंज फक्त पडवीच्या टोकाला मिळते, एक अल्बम उतरवायला रात्र जाते, म्हणून विचारून घेतोय. कणकवली-कुडाळकडे कुणाकडे सीडी असतील तर कळवा, न्यायला मी येईन.