मदत हवी आहे: नवीन पाळक आहे, पहिल्याच दफनविधीत चुकलो. आता त्याच घरी वर्षाच्या प्रार्थनेला काय बोलू?

नवा_पाळक

सर्वांना सलाम.

पुण्यात बी. डी. (पाळक होण्यासाठीची पदवी) पूर्ण करून गेल्या वर्षी जूनमध्ये पाथर्डी-शेवगाव भागातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत सेवेला लागलो. पंचेचाळीस घरं. दसरा झाला की त्यातली निम्मी ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. वय सव्वीस. घरात कुणी पाळक नव्हतं, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही, म्हणून इथे लिहितोय.

रुजू होऊन चार महिने झाले होते. मंडळीतला बावीस वर्षांचा एकुलता मुलगा विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक लागून गेला. माझा पहिलाच दफनविधी. रात्रभर जागून पाच पानं लिहून काढली. बायबलमधल्या उपदेशक पुस्तकाचा तिसरा अध्याय घेतला, जन्माचा समय आणि मरणाचा समय. ऑक्टोबरचं ऊन, दफनभूमीत एक झाड नाही, आणि मी पस्तीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो की देवाने आपल्या बागेसाठी हे सुंदर फूल खुडून नेलं.

मुलाची आई खाली मातीत बसली होती. तिने मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या देवाला माझंच फूल दिसलं का?"

मला काही सुचलं नाही. मी पान उलटलं आणि पुढची प्रार्थना वाचायला घेतली. लोकांनी मूठमाती दिली, सगळे पांगले. ती 'तुमच्या देवाला' म्हणाली, हे माझ्या डोक्यातून जात नाही. वीस वर्षं दर शनिवारी देवळात झाडलोट करून वेदीवर धुतलेला कपडा घालणारी बाई ती. तेव्हापासून ती उपासनेला आलेली नाही. मी दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा दारातूनच प्रार्थना करून परत आलो.

आता वर्ष भरतंय. मुलाच्या वडिलांचा फोन आला, "साहेब, चौदा तारखेला घरी प्रार्थना ठेवलीय, तुम्हीच या." अजून अठरा दिवस आहेत.

माफी मागायची तर सगळ्यांसमोर की एकांतात? शास्त्रपाठ कोणता घेऊ? आणि एकूणच संदेशाची तयारी कशी करावी? मी शनिवारी रात्री दोनपर्यंत बायबलचा अर्थ उलगडणारे इंग्रजी टीकाग्रंथ वाचतो, मोबाइलवर मोठ्या वक्त्यांचे संदेश ऐकतो, मूळ ग्रीक शब्द शोधतो. रविवारी समोर बघतो तर लोक खिडकीबाहेर पाहत असतात. काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा, राग येणार नाही.

नदीकाठची

पाळकसाहेब, मी काही सेवेत नाही, बाकावर बसून ऐकणारी आहे. तेवढ्यापुरतंच सांगते.

माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडेही तरुण पाळक होते. त्या दिवशी ते काय बोलले यातला एक शब्द मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की ते सकाळी सातला आले, आत न येता आधी बाहेर माझ्या भावाजवळ उभे राहिले, पाण्याचे जार कमी पडत होते तर स्वतः मोटरसायकलवर जाऊन दोन घेऊन आले. आणि आईला म्हणाले, "बाई, मी इथे बाहेर आहे, कुठे जाणार नाही."

माफी एकांतात मागा. सगळ्यांसमोर मागितली तर तिला सगळ्यांसमोर "असू द्या" म्हणावं लागेल. तिच्यावर ते ओझं टाकू नका.

अजून एक. प्रार्थनेच्या दिवशी मुलाचं घरातलं नाव घ्या, ज्या नावाने आई हाक मारायची ते. शाळेच्या दाखल्यावरचं नको.

जुना_सेवक

बाळा, सलाम. मी सदतीस वर्षं पाळकीय सेवा करून निवृत्त झालो. तुझा धागा काल रात्री वाचला, नीट झोप लागली नाही. माझी गोष्ट आधी सांगतो, मग तुझ्या प्रश्नाकडे येतो.

1973 सालचा गुड फ्रायडे. 72 च्या दुष्काळाने जिल्हा करपून गेला होता. मी चोवीस वर्षांचा, सेमिनरीतून सुट्टीवर घरी आलेला. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, तुला माहीतच आहे. त्यातला पाचवा, "मला तहान लागली आहे," हा मला दिला. लहान उद्गार म्हणून नवख्याला देतात. मी अर्धा तास बोललो. ही तहान शरीराची नव्हे, आत्म्याची आहे, मानवजातीच्या तारणाची आहे, असं सगळं. समोर बसलेली माणसं सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. हाताला फडकी बांधलेली, पोटात दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी.

उपासना सुटल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली. ती दोन कोसांवरून हंडा आणायची. म्हणाली, "बाबा, त्याला पाणीच पायजे व्हतं ना रं?"

एवढंच बोलली आणि गेली. मी घरी जाऊन योहानाच्या शुभवर्तमानाचा 19वा अध्याय पुन्हा उघडला. होय, पाणीच हवं होतं. रात्रभराची मारहाण, रक्त गेलेलं, डोक्यावर ऊन. तहानेने ओठ फुटलेला देव त्या बाईला त्या दिवशी हवा होता, कारण तिचेही ओठ फुटले होते. तो देव पानात होता आणि मी त्याच्यावर माझा अर्थ झाकून ठेवला. त्याला दुसरा अर्थ आहेच, मी नाही म्हणत नाही. पण पहिला सोडून दुसऱ्याकडे उडी मारायचा मला अधिकार नव्हता.

तुझं फूल तेच आहे, बाळा. मरण समोर उघडं पडलेलं होतं आणि तू त्याच्यावर फूल टाकून ते झाकलंस. तू वाईट हेतूने केलं नाहीस. तुला त्या मातीकडे बघवत नव्हतं. बघवणार कसं, तू पंचवीस वर्षांचा होतास आणि खड्ड्यात बावीस वर्षांचा मुलगा होता.

आता काय करायचं. चौदा तारखेची वाट बघू नकोस. या आठवड्यातच जा, दुपारी, ती एकटी असेल तर शेजारच्या एखाद्या मावशींना बरोबर घेऊन. बायबलची पिशवी घरी ठेव. दारातून प्रार्थना करून पळू नकोस, आत जाऊन खाली बस. एका वाक्यात माफी माग. कारणं देऊ नकोस, "मी नवीन होतो" हेसुद्धा नको. मग मुलाबद्दल विचार आणि गप्प राहा. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. दुसरा अध्याय, शेवटचं वचन. तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, ईयोबावर नाही, आणि ओरडून भांडला होता तो ईयोब.

म्हणून तिचं वाक्य अविश्वासाचं समजू नकोस. लाजरस मेला तेव्हा त्याची बहीण मार्था येशूला काय म्हणाली? आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच आहे ती. आणि येशू तिला गप्प करत नाही. पुढे दुसरी बहीण मरियाही तेच म्हणते, आणि मग शास्त्रातलं ते सगळ्यात लहान वचन येतं, येशू रडला. थोड्याच वेळात तो लाजरसाला उठवणार आहे, त्याला ते ठाऊक आहे, तरी आधी रडतो. योहान 11 घे. आणि रडण्यापाशी थोडा थांब, कबरेवरची धोंड बाजूला करायची घाई करू नकोस.

स्तोत्र घ्यायचं तर 13 घे. सहा वचनांचं स्तोत्र आहे, त्यात 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा येतो. आपण अंत्यविधीला नेहमी 23 वाचतो, ते चांगलंच आहे, पण 88 कधी वाचलंस का? ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळसुद्धा नाही. इस्राएलाने ते फाडून टाकलं नाही, उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. याचा विचार कर.

आता तयारीबद्दल. ग्रीक सोडू नकोस. पंडिता रमाबाई केडगावला आपल्या मुक्ती मिशनमधल्या शेकडो मुलींचं बघून, रोगांच्या साथी सोसून, ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, दोन वर्षांनी ते छापून आलं. एवढी विद्या कशासाठी खर्च केली? साध्या, कमी शिकलेल्या बाईला स्वतः वाचून कळावं म्हणून. त्यांचं ग्रीक वाचणाऱ्याला दिसत नाही, दिसते ती सोपी मराठी. तुझं ग्रीक खोलीत राहू दे, मंडळीत त्याचं फळ ने.

गोव्यात फादर स्टीफन्सनी तेच केलं, चारशे वर्षांपूर्वी. माणूस इंग्लंडचा. इथल्या लोकांचा कान पुराणावर वाढलाय हे त्यांनी ओळखलं आणि ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, 1616 साली छापलं. आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आपल्या म्हाताऱ्या बायांना उपासना-संगीत हे गीतांचं पुस्तक न उघडता पाठ आहेत ती उगीच नाहीत. अभंगाच्या वळणाने येशूला हाक मारली की ती कानाला आपलीच वाटते. तू मोबाइलवरच्या वक्त्यासारखा आवाज चढवतोस का ते मला माहीत नाही, चढवत असलास तर सोड. ज्या आवाजात चहा मागतोस त्याच आवाजात बोल.

आठवडा असा लाव. सोमवारीच उतारा निवड आणि खिशात घेऊन फीर. मंगळवार ते गुरुवार घरं कर. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्यात, तोच उतारा वाचून दाखव आणि विचार, "यात तुम्हाला काय खटकतं?" मेंढरं राखणारा माणूस हरवलेल्या मेंढराबद्दल तुला असं काही सांगेल की टीकाग्रंथात सापडायचं नाही. शुक्रवारी लिही. पूर्ण लिही, मुद्दे काढून भागत नाही. शनिवारी मोठ्याने वाच आणि 'नीतिमान ठरणे', 'प्रायश्चित्त', 'पवित्रीकरण' असा शब्द आला की तो न वापरता तेच सांगता येतं का बघ. येत नसेल तर तुलाच अजून कळलेलं नाही. आणि शनिवारी रात्री दहाला झोप.

घरच्या प्रार्थनेला दहा मिनिटांच्या वर बोलू नकोस.

खानदेशी_शिक्षक

वरच्या पाळकसाहेबांच्या पुढे मी काय बोलणार, तरी दोन-तीन कोरडे नियम. मी दहा वर्षं मंडळीचा खजिनदार आहे. दान कधीही एकट्याने मोजायचं नाही, दोघांनी मोजून वहीवर दोघांच्या सह्या. कुणाकडून उसने पैसे घ्यायचे नाहीत, मंडळीतल्या श्रीमंताकडून तर मुळीच नाही. आणि आठवड्यातला एक दिवस सुट्टी घ्या, नाहीतर तीन वर्षांत आजारी पडाल. आमचे पडले होते.

ऊसतोडीला गेलेल्या घरांचे नंबर आहेत का तुमच्याकडे? रविवारी रात्री एकेका टोळीला फोन करा. ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, कुणी पाळक जात नाही. गाडीभाडं जमलं तर नाताळच्या आधी एकदा जाऊन या.

नवा_पाळक

उशिरा उत्तर देतोय, क्षमा असावी. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

मंगळवारी गेलो, शेजारच्या मावशींना घेऊन. मुलाच्या आई बाजरी निवडत होत्या. मी खाली बसलो आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मला माफ करा." त्या काहीच बोलल्या नाहीत. सूप चालूच. खूप वेळ गेला. जुने सेवक साहेब, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तेवढ्या वेळात नक्की प्रार्थना सुरू केली असती.

मग मी विचारलं, तो लहानपणी कसा होता? त्या उठल्या, आतून मोटरच्या स्टार्टरचं झाकण घेऊन आल्या. आतल्या बाजूला त्याने खिळ्याने वायरमनचा मोबाइल नंबर कोरून ठेवला होता. एक आकडा खोडून पुन्हा लिहिलेला. त्यावर बोट ठेवून त्या दीड तास बोलल्या. करडाला मांडीवर घेऊन जेवायचा, भाकरीचा पापुद्रा आधी खायचा, दहावीला गणितात राहिला तेव्हा दोन दिवस रानात जाऊन बसला होता. निघताना चहा दिला. माफीबद्दल शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत.

चौदा तारखेला योहान 11 वाचला, येशू रडला इथपर्यंत, आणि थांबलो. नंतर स्तोत्र 13. आठ मिनिटं बोललो. मुलाला त्या ज्या नावाने हाक मारायच्या ते नाव घेतलं. म्हणालो, मागच्या वर्षी त्याच्या आईने जो प्रश्न विचारला तो शास्त्रातलाच प्रश्न आहे, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. त्या बाहेर आल्या नाहीत, स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. वडील मात्र त्या रविवारी देवळात आले, मागच्या बाकावर बसले.

आता पुन्हा जाऊ की थोडे दिवस थांबू? मागे लागल्यासारखं वाटायला नको.

जुना_सेवक

जा. त्यांचा कापूस वेचणीला आला असेल आणि यंदा घरात हात कमी आहेत. ऊन चढायच्या आत जा, कमरेला ओटी बांधून.