फुटपाथवरचा बर्फ काढायचा कोणी: घरमालकाने की शहराने?

ईशान्य: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, 'घरासमोरचा फुटपाथ साफ ठेवणं ही साधी माणुसकी आहे. ज्याला फावडं उचलवत नाही त्याने घर घेऊ नये.' वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

रस्त्यावरचा बर्फ शहर काढतं. गाड्यांसाठी रात्रभर प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणाऱ्या पात्याच्या गाड्या, फिरतात, मीठ पडतं, आणि पैसा जातो सगळ्यांच्या करातून. फुटपाथही सार्वजनिकच, पण तो मात्र माझ्या कंबरेच्या जिवावर! शिकागोत दिवसा पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत काढायचा, संध्याकाळी ७ नंतरचा सकाळी १० पर्यंत, वाट ५ फूट रुंद. न्यूयॉर्कमध्ये दुपारी थांबला तर ४ तासांत. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात ओळीने दहा घरं साफ असतात, अकरावं भाड्याने दिलेलं आणि मालक परगावी. व्हीलचेअर नेमकी तिथे अडते आणि आधीच्या दहा जणांची मेहनत फुकट जाते. चालणाऱ्याला वाट सलग लागते, तुकड्यातुकड्याने नाही.

माँट्रियलमध्ये फुटपाथपुरते छोटे प्लाऊ आहेत. टोरांटोत जुन्या मध्यवस्तीतले लोक स्वतः काढायचे, २०२१ पासून शहराने जवळजवळ सगळे फुटपाथ यंत्राने साफ करायला घेतले. म्हणजे करता येतं, फक्त करायचं नसतं.

पहाटपाळी: पूर्ण असहमत. सगळा खेळ वेळेचा आहे. ताजा भुसभुशीत बर्फ दहा मिनिटांत निघतो. त्यावरून शाळेची पोरं आणि टपालवाला गेला की तो दाबून घट्ट बसतो, मग प्लाऊचं पातं नुसतं वरून घासत जातं. शहराचं यंत्र तुमच्या गल्लीत सकाळी ६ ला येणार आहे का? दारातला माणूस सकाळी ६ ला तिथेच असतो. मी शेजारच्या आजींचाही काढते, कुणी नोटीस पाठवली म्हणून नाही.

ईशान्य: आजींचं तुम्ही करता, चांगलंच आहे. तुम्ही घर बदललंत की आजींनी काय करायचं? कुणाच्या चांगुलपणावर शहर चालवायचं का?

कोपऱ्यावरचा: दोघंही कोपरा विसरलात. माझ्या आईचा खुबा मोडला तो कुणाच्या घरासमोर नाही, चौकात. आम्ही फुटपाथ अगदी फरशी दिसेपर्यंत साफ केला होता. मग प्लाऊ आला आणि रस्त्यावरचा सगळा राडा फुटपाथच्या उताराच्या तोंडाशी लोटून गेला. तासाभरात तो गोठून गुडघाभर बांध झाला. आई त्यावरून ओलांडायला गेली. तो बांध कोणाचा? विचारायला फोन केला तर उत्तर मिळालं, 'लगतच्या मालकाचा.' म्हणजे त्यांनीच टाकायचा आणि आम्ही उचलायचा!

पहाटपाळी: आईंचं वाचून वाईट वाटलं. तो बांध शहराचाच, यात वाद नाही. पण म्हणून आपण फावडं टाकून बसायचं का? आणि मीठ मारायला कोणी अडवलंय?

मॅपलखाली: मीठ! अवांतर होईल, पण आता राहवत नाही. बादलीने मीठ ओतणाऱ्यांनी आधी थर्मामीटर बघावा. साधं मीठ उणे ९-१० अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास काम करत नाही. लोक उणे १८ ला पांढरा थर देतात आणि ते खडे वसंतापर्यंत तसेच पडून राहतात, मग गटारातून तळ्यात. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचा हिशोब आहे: एक चमचा मीठ ५ गॅलन पाणी कायमचं खराब करतं. माझ्या दारचं झाड फुटपाथच्या बाजूने वाळलंय, कुत्रीचे पंजे दर हिवाळ्यात फुटतात. बर्लिनमध्ये घरमालकांना फुटपाथवर मीठ टाकायला बंदी आहे. बारीक खडी टाकतात आणि लोक चालतात.

तिसरा मजला: खडीवर दोन इंच नवा बर्फ पडला की तिचा उपयोग संपला. परत टाका, परत टाका, मग वसंतात झाडून काढा.

मॅपलखाली: स्टॉकहोम, हेलसिंकीत दर वसंतात झाडून काढतात.

तिसरा मजला: स्टॉकहोममध्ये शहर झाडतं! इथे तेही माझ्याच गळ्यात येणार. तुमचं झाड वाचेल हो, माझं मनगट गेलं त्याचं काय? दोन स्क्रू घेऊन फिरतेय.

मॅपलखाली: मनगट मिठाअभावी गेलं की बर्फ वेळेवर खरवडला नाही म्हणून? आधी फावडं, मग चिमूटभर मीठ. सगळे उलटं करतात.

तिसरा मजला: तुम्ही होता का तिथे? संध्याकाळपर्यंत फुटपाथ कोरडा होता. शेजाऱ्याने बर्फाचा ढीग चढाच्या बाजूला रचला होता. दिवसा उन्हाने तो वितळला, पाणी फुटपाथवर पसरलं आणि रात्री गोठलं. ओल्या फरशीसारखं दिसत होतं, काळं आणि गुळगुळीत. तिथे फावड्याला खरवडायला काही नसतं, मीठच लागतं.

मॅपलखाली: ठीक आहे, तेवढ्या पातळ थरापुरतं मीठ मान्य. बादलीभर नाही.

ईशान्य: धागा मिठात बुडाला. मूळ मुद्दा असा की स्वीडनमध्ये कार्लस्कोगा शहराने गाड्यांच्या हमरस्त्यांआधी पायवाटा आणि सायकलवाटा साफ करायचं ठरवलं. गाडी तीन इंच बर्फातून जाते, बाबागाडी जात नाही, इतका साधा विचार.

पहाटपाळी: आणि स्टॉकहोमने तेच धोरण घेतलं, तर २०१६ च्या नोव्हेंबरात एका दिवसात जवळपास ४० सेंटिमीटर बर्फ पडला आणि बसही बंद पडल्या. हे का गाळलंत?

ईशान्य: एवढा बर्फ पडला तर कुठलंही धोरण अडकतं. एका वादळावरून निकाल लावू नका.

पहाटपाळी: बरं. मोठे रस्ते, चौक आणि बसथांबे शहराने काढावेत, इतकं मी मानते. आतल्या गल्ल्यांत मी माझं फावडं सोडणार नाही, आणि करवाढीची नोटीस आल्यावर तुम्ही इथे ओरडू नका.

ईशान्य: खुशाल वाढवा. चौकातला तो बांध उचलत असतील तर पहिला कर मी भरेन.

तिसरा मजला: मॅपलखाली, शेजाऱ्याने नवं काँक्रीट घातलंय. कॅल्शियम क्लोराइडचं मीठ चालेल का? ते उणे २५ ला पण काम करतं म्हणतात.

मॅपलखाली: काम करतं, पण पहिल्या हिवाळ्यात नव्या काँक्रीटवर कुठलंच मीठ नको, वरचा पापुद्रा सुटतो. त्याला वाळू टाकायला सांगा. आणि तो ढीग उताराच्या बाजूला हलवायलाही सांगा.