निवडणूक निरीक्षकांना नेमके काय दिसते? केनिया २०१७ च्या निमित्ताने

सह्यवासी (प्रश्न):
८ ऑगस्ट २०१७ रोजी केनियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल आणि अमेरिकेतील कार्टर सेंटर अशा मातब्बर निरीक्षक पथकांनी दोनच दिवसांत मतदान सुरळीत झाल्याचा निर्वाळा दिला आणि १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीच निवडणूक चार विरुद्ध दोन अशा बहुमताने रद्द ठरवली. मग एवढा खर्च करून परदेशातून येणाऱ्या या मंडळींना दिसते तरी काय? लोकशाही रुजू पाहणाऱ्या देशांना बाहेरून मदत करायचीच असेल, तर ती निरीक्षक पाठवून करावी, यंत्रे देऊन करावी की आणखी कशी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे.

अभ्यागत:
निरीक्षकांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. रांगा, पारदर्शक मतपेट्या, बोटावरची शाई हे सारे बहुतांशी ठीकच होते. बिघडले ते त्यानंतर. केनियात मतमोजणी मतदान केंद्रावरच होते. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उचलून उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवतो, बेरीज ‘३४ ए’ या फॉर्मवर लिहितो, प्रतिनिधी त्यावर सह्या करून आपापली प्रत घेतात आणि एक प्रत केंद्राच्या दारावर लावली जाते. अशा ४० हजारांहून अधिक फॉर्मांची बेरीज आधी २९० मतदारसंघांत ‘३४ बी’ वर आणि अखेरीस नैरोबीत ‘३४ सी’ वर उतरते. २०१७ मध्ये सगळे ‘३४ ए’ हाती येण्याआधीच, ११ ऑगस्टला, निवडणूक आयोगाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांना विजयी घोषित केले. काही फॉर्मांवर ठरलेल्या सुरक्षाखुणाच नव्हत्या. आणि निकालाचे आकडे साठवलेला सर्व्हर तपासू देण्याचा न्यायालयाचा आदेशही आयोगाने नीट पाळला नाही. सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या पीठाने ठपका ठेवला तो आयोगावर, केन्याटा यांच्यावर नव्हे.

याहून विचार करायला लावणारी बाब वेगळीच आहे. ‘एलॉग’ या स्थानिक निरीक्षक गटाने नमुना म्हणून निवडलेल्या सुमारे १७०० केंद्रांवरून समांतर अंदाज काढला होता आणि त्यातही केन्याटा यांना ५४ टक्क्यांच्या आसपासच मते दिसत होती, म्हणजे आयोगाचा आकडा त्याच्याशी जुळत होता. तरीही निवडणूक रद्द झाली, कारण जाहीर झालेला आकडा राज्यघटनेने आखून दिलेल्या वाटेने आला की नाही, हाच न्यायालयापुढचा प्रश्न होता. केंद्रांवरच्या आकड्यांचे संकलन अद्याप चालू आहे, असे निरीक्षकांनी आपल्या निवेदनांत लिहिले होते हे खरे. पण बातमीच्या मथळ्यात तेवढे कोण छापतो? ज्या कामाचा शेवटचा टप्पा अजून व्हायचा आहे, त्याविषयी दोन दिवसांत बोलण्याची घाई मला तरी अनाकलनीय वाटते.

खडूफळा:
शिक्षकाच्या नशिबी निवडणुकीची ड्युटी असतेच, त्यामुळे हे वर्णन वाचताना आपले केंद्र डोळ्यांसमोर आले. आपल्याकडे मोजणी केंद्रावर होत नाही, पण मतदान संपवून यंत्राचे ‘क्लोज’ बटण दाबले, की एकूण किती मते नोंदली गेली हे ‘१७ सी’ या नमुन्यात लिहून त्याची प्रत हजर प्रतिनिधींना द्यायची असते. त्या वेळी सकाळी हक्काने खुर्ची अडवून बसलेले निम्मे प्रतिनिधी निघून गेलेले असतात आणि प्रत घेण्यासाठी एखाद्याला बाहेरून हाक मारून बोलवावे लागते. तो कागद आपल्या उमेदवाराच्या किती उपयोगाचा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. माझ्या मते मदतीचा पैसा आधी या माणसाच्या प्रशिक्षणावर आणि त्याच्या दिवसभराच्या भत्त्यावर खर्च व्हावा.

यंत्रांविषयी बोलायचे तर नामिबियाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तिथे २०१४ मध्ये भारतात बनलेली मतदान यंत्रे वापरली गेली, पण त्यांना कागदी पावतीची जोड नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याविना यंत्रे वापरणे घटनाबाह्य ठरवले, अर्थात २०१९ ची निवडणूक मात्र रद्द केली नाही. यंत्र देणे सोपे असते. त्याचा निकाल पडताळून पाहण्याची सोय त्यासोबत दिली नाही, तर ती मदत अर्धवटच म्हणायची.

नदीकाठ:
केंद्रनिहाय मोजणीला दुसरीही बाजू आहे. कोणत्या वस्तीने कोणाला मते दिली हे त्याच रात्री दारावर झळकले, तर पराभूत किंवा विजयी गटाच्या रोषापासून त्या वस्तीला कोण वाचवणार? आपल्याकडे मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांमधली मते मोजणीपूर्वी एकत्र मिसळत, ती याच भीतीने. २००७ च्या निवडणुकीनंतर हजाराहून अधिक माणसे गमावलेल्या केनियाने हा धोका कसा पत्करला?

अभ्यागत:
@नदीकाठ, आपली शंका रास्त आहे, पण केनियाचा अनुभव नेमका उलट होता. २००७ मध्ये केंद्रांवरचे आकडे वर जाता जाता बदलले, असा संशय बळावला आणि हिंसाचाराला तोंड फुटले; म्हणून केंद्रावरचाच आकडा अंतिम मानावा, यासाठी तिथले कार्यकर्ते न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये जिंकलेही.

त्याचा खरा उपयोग २०२२ मध्ये दिसला. आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांच्या ‘३४ ए’ ची छायाचित्रे संकेतस्थळावर खुली केली आणि वर्तमानपत्रांपासून हौशी नागरिकांपर्यंत ज्याला हवे त्याने बेरीज करून पाहिली. विल्यम रुटो ५०.४९ टक्क्यांवर निवडून आले, तेव्हा सातपैकी चार आयुक्तांनीच निकालापासून अंग काढून घेतले. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. तिथे संकेतस्थळावरचे फॉर्म आणि मूळ कागद यांची नमुन्यादाखल पडताळणी झाली, त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि ५ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल कायम केला.