गच्चीवर आलेला सूटी टर्न रंकाळ्यात सोडावा काय?

प्रश्न (राजारामपुरी)
काल रात्रीच्या वादळी पावसानंतर आमच्या गच्चीवर काळ्याभोर पाठीचा, पांढऱ्या पोटाचा एक पक्षी थकून बसलेला आढळला. त्याच्या कपाळावरचा पांढरा रंग डोळ्यापाशीच थांबतो, यावरून तो सूटी टर्न, म्हणजे सुरय कुळातील समुद्रपक्षी, असल्याचे एका जाणकारांनी सांगितले. शेजारी त्याला रंकाळ्यात सोडण्याचा आग्रह धरत आहेत. हा पक्षी खातो काय आणि घरटे कोठे करतो, हे कृपया सांगावे.

उत्तर (शाहूपुरी)
कृपया त्याला पाण्यात सोडू नका. सारे आयुष्य समुद्रावर काढणाऱ्या या पक्ष्याची पिसे पुरेशी जलरोधक नसतात, त्यामुळे पाण्यावर फार वेळ बसला तर ती भिजून तो बुडू शकतो. कुपा, म्हणजे ट्यूना, खालून हल्ला करतो तेव्हा लहान मासे आणि म्हाकूल पृष्ठभागाकडे धावतात, आणि हा पक्षी उडता उडताच ते चोचीने टिपतो. रंकाळ्यात ही व्यवस्था कोठून येणार? त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत बळेच पाणी ओतू नका आणि लगेच वन विभागाला कळवा.

उत्तर (मंगळवार पेठ)
घरट्याविषयी थोडे लिहितो. जमिनीची गरज त्याला जवळजवळ विणीपुरतीच असते. उष्ण कटिबंधातील बेटांवर हजारो जोड्या दाटीने जमतात, उघड्या जमिनीवरील उथळ खळग्यात मादी बहुधा एकच ठिपकेदार अंडे घालते, आणि नर-मादी पाळीपाळीने सुमारे चार आठवडे ते उबवतात. भर उन्हात तर अंडे तापू नये म्हणून त्यावर सावली धरावी लागते. दूर समुद्रात गिळलेले मासे आईबाप परतल्यावर ओकून पिल्लाला भरवतात. साधारण दोन महिन्यांनी उडू लागलेले पिल्लू पुढे काही वर्षे समुद्रावरच राहते, हे मला फार विलक्षण वाटते. अटलांटिकमधील असेन्शन बेटावर तर हे पक्षी दर वर्षी ठरावीक ऋतूत न येता सुमारे साडेनऊ महिन्यांनी विणीला येतात. जमिनीवरची अंडी मांजरांच्या सहज तोंडी लागतात; त्या बेटावरील रानटी मांजरे हटवल्याचे 2006 मध्ये जाहीर झाले.

आपल्याला जवळच्या वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातील खडकाळ बेटांवर वीण करतो तो याच्यासारखाच दिसणारा ब्रायडल्ड टर्न. त्याची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि तो अंडे खडकांच्या कपारीत, आडोशाला घालतो.

प्रश्नकर्ते (राजारामपुरी)
भुवई पुन्हा पाहिली, ती डोळ्यापाशीच संपते. पक्षी खोक्यात शांत आहे. वन विभागाला कळवले असून, त्यांचे कर्मचारी येईपर्यंत त्याला कोणी हाताळणार नाही.