मदत हवी आहे : शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत हवा आणि पाण्याची सोय

करोनामुळे बंद असलेले शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरणार. आमच्या शाळा समितीची तयारी सुरू आहे, पण दोन गोष्टींत अडलोय.

पहिली हवा. वर्ग २० बाय २० फूट, उंची १० फूट, म्हणजे ४००० घनफूट. खिडक्या रस्त्याकडच्या एकाच भिंतीला, समोर दार. ताशी सहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ४०० घनफूट बाहेर गेली पाहिजे. नुसता छताचा पंखा तीच हवा घुसळत राहतो. दारावरच्या झरोक्यात हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवायचा विचार आहे. १२ इंची पुरेल का? आवाजाने शिकवणं ऐकू येईल का? मास्कमधून आवाज आधीच दबतो.

दुसरं पाणी. नळाला रोज पाणी नाही. १२० मुलं, तीनदा हात धुणं, दर वेळी अर्धा लिटर धरलं तरी दिवसाला १८० लिटर. कमी पाण्यात चालणारा, पायाने दाबायचा नळ कुणी वेल्डरकडून करून घेतलाय का? साधारण किती खर्च येतो?

बाकं पुसायला ५ टक्के हायपोक्लोराइट (जंतुनाशक), १ लिटरला ४ लिटर पाणी, रोज ताजं करणार. उन्हात त्याचा जोर जातो. सफाई करणाऱ्या मावशींना ॲसिडात मिसळू नका हे बजावलंय, विषारी वायू होतो.

ताप मोजायची बंदूक उन्हातून आलेल्या कपाळावर चुकते, म्हणून मुलांना आधी सावलीत थांबवू. पण लागण होऊनही लक्षणं नसलेलं मूल त्यात सापडत नाही, आणि घरी आजी-आजोबा आहेत. म्हणूनच हवेचं आधी सांगा.